न्याहारीनंतरचे जहाज

जलरंगाची प्रात्यक्षिके पाहायचे मला वेड आहे. कोरा कागद, पाण्याचे भांडे, दोन-तीन ब्रश आणि समोर श्वास रोखून बसलेली माणसे. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो एकदा झाकला गेला की परत मिळवणे अवघड. म्हणून तर बघणाऱ्याची छाती धडधडते. पण ज्या प्रात्यक्षिकाला आपण हजर असायला हवे होते असे मला राहून राहून वाटते, ते झाले १८१८ साली इंग्लंडमध्ये. त्याला प्रेक्षक होता फक्त एक, आणि चित्रकार होता माझा आवडता टर्नर.

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर जन्मला १७७५ साली, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातल्या एका गल्लीत. वडील न्हावी, केसांचे टोपही बनवीत. मुलाची चित्रे ते दुकानात टांगत आणि थोड्याफार शिलिंगांना विकत. आईचे मन मात्र ताळ्यावर नसे. १८०० साली तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले, १८०४ मध्ये ती गेली. मुलगा चौदाव्या वर्षी रॉयल अकादमीच्या शाळेत शिकू लागला, पंधराव्या वर्षी त्याचे जलरंगचित्र तिथल्या प्रदर्शनात लागले आणि सव्विसाव्या वर्षी तो अकादमीचा पूर्ण सभासद झाला. कीर्ती आली, पैसा आला. लग्न त्याने केले नाही. म्हातारे वडीलच त्याला कॅनव्हास ताणून देत. काम करताना कोणी पाहिलेले त्याला खपत नसे.

याला अपवाद यॉर्कशायरमधल्या फार्नली हॉल या वाड्याचा. वाड्याचे मालक वॉल्टर फॉक्स हे बडे जमीनदार, टर्नरचे गिऱ्हाईक आणि पुढे जिवलग मित्र. १८०८ पासून टर्नर जवळजवळ दरवर्षी तिथे मुक्कामाला जाई, शिकारीला जाई, मासे पकडी, घरच्या मुलांत रमे. १८१० साली तिथेच एक वादळ आले. टर्नरने ते एका पत्राच्या पाठीवर टिपून घेतले. शेजारी फॉक्सचा थोरला मुलगा हॉक्सवर्थ उभा होता. दोन वर्षांनी तेच वादळ आल्प्स ओलांडणाऱ्या हॅनिबलच्या सैन्यावर घोंगावताना लंडनच्या प्रदर्शनात दिसले.

१८१८च्या त्या सकाळी न्याहारीच्या टेबलावर फॉक्सने फर्माईश केली, की युद्धनौका केवढी अवाढव्य असते याची कल्पना येईल असे एक चित्र हवे. टर्नर उठला आणि हॉक्सवर्थला बरोबर घेऊन बसला. समोर जहाज नव्हते; समुद्रही तिथून मैलोगणती दूर. त्याने कागदावर ओला रंग ओतला, कागद भिजून चिंब होईपर्यंत ओतला. मग तो ओरबाडू लागला, खरवडू लागला, घासू लागला. सगळा नुसता गोंधळ! आणि त्या गोंधळातून हळूहळू दोर, तोफांच्या खिडक्या, लाटा, होड्या वर येऊ लागल्या. दुपारच्या जेवणापर्यंत चित्र पुरे झाले. कागद जेमतेम सव्वा फुटाचा. पण पाहणारा जणू पाण्याच्या पातळीवर बसला आहे आणि शंभराहून अधिक तोफांचे धूड त्याच्या डोक्यावर आले आहे. शेजारच्या होड्या खेळण्यांसारख्या दिसतात. आज हे चित्र बेडफर्डच्या हिगिन्स संग्रहालयात आहे.

प्रात्यक्षिक पाहताना आपण हाताकडे बघतो. मला वाटते, करणाऱ्याच्या धीराकडेही बघायला हवे. चित्र अर्धवट असताना, ते बिघडले असेच वाटत असताना दुसऱ्याला शेजारी बसू देणे सोपे नाही. तेवढा विश्वास टर्नरला त्या घरात वाटला.

१८१९ मध्ये फॉक्सने लंडनमधले आपले घर लोकांना खुले केले आणि टर्नरची जलरंगचित्रे दाखवली. १८२५ साली फॉक्स वारला. त्यानंतर टर्नर फार्नलीला पुन्हा कधीही गेला नाही. १८२९ मध्ये वडीलही गेले.

१८३५ साली लंडनच्या एका प्रदर्शनगृहात त्याने पार्लमेंटच्या आगीचे तैलचित्र भिंतीवर टांगलेले असतानाच सर्वांदेखत पुरे केले. भोवती चित्रकारांची गर्दी होती. तो कोणाशी बोलला नाही, मागे सरून चित्राकडे पाहिले नाही. रंगांची पेटी मिटली आणि निघून गेला. गर्दीने त्याची फक्त पाठ पाहिली. फार्नलीच्या त्या मुलाला मात्र शेजारची खुर्ची मिळाली होती.

त्या मुलाने ते नाते सोडले नाही. हॉक्सवर्थ पुढे वाड्याचा मालक झाला, आणि नाताळ आला की यॉर्कशायरहून हंसाच्या मांसाची पाय टर्नरकडे पोचती होई. १९ डिसेंबर १८५१ रोजी टर्नर गेला, नाताळला सहा दिवस उरले असताना.