कारकून ते फील्ड मार्शल : विल्यम स्लिम

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. शिवाजी महाराज, लोकमान्य, बाजीराव यांच्यावर लिहिणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून मी जरा वेगळं नाव निवडलं : फील्ड मार्शल विल्यम स्लिम. दुसऱ्या महायुद्धातले सेनापती म्हटले की आपल्याला रोमेल, मॉन्टगोमेरी, आयसेनहॉवर आठवतात. पण आपल्या मणिपूर-नागालँडच्या डोंगरांत, बहुतांशी आपलेच जवान घेऊन लढलेल्या या सेनापतीचं नाव सहसा कुणाला ठाऊक नसतं. माझी सारी नोकरी बँकेत गेली. स्लिम यांच्याबद्दल मला आपुलकी वाटते त्याचं एक कारण असं की हा माणूसही मुळात कारकून होता.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार होता, पण तो चालला नाही आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आलं. युनिव्हर्सिटीत शिकायची ऐपत नव्हती. स्लिम यांनी काही काळ गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, मग धातूच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी. सैन्याची आवड मात्र पहिल्यापासून. त्या काळी लष्करातला अधिकारी व्हायचं तर घरचा पैसा लागायचा, तो नव्हता. विद्यार्थी नसतानाही ते १९१२ मध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या लष्करी प्रशिक्षण दलात कसेबसे शिरले. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि त्यांना कमिशन मिळालं.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले. तिथेच गुरखा पलटणीचा पराक्रम त्यांनी जवळून पाहिला आणि पुढे सैन्यात राहायचं तर यांच्यातच, असं मनाशी ठरवलं. मेसोपोटेमियात ते पुन्हा जखमी झाले. तिथल्या कामगिरीबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. बरे होण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवलं, आणि इथल्या लष्करातच त्यांची पुढची बरीच वर्षं गेली. प्रमोशन अगदी मुंगीच्या पावलांनी. पगारात भागत नसे म्हणून टोपणनावानं मासिकांत गोष्टी लिहून ते चार पैसे मिळवत. स्वतःच्या पलटणीचं नेतृत्व मिळालं तेव्हा १९३८ साल उजाडलं होतं आणि वय होतं सेहेचाळीस. १९३९ मध्ये ते आपल्या बेळगावला होते. तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या लष्करी शाळेचे ते प्रमुख झाले.

दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात त्यांच्यासाठी काही चांगली झाली नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदानच्या सरहद्दीवर गलाबात इथे इटालियनांवर केलेला हल्ला फसला आणि माघार घ्यावी लागली. मार्च १९४२ मध्ये त्यांना ब्रह्मदेशात पाठवलं तेव्हा रंगून आधीच जपान्यांच्या हाती गेलं होतं. विमानं नव्हती, कुमक येण्याची आशा नव्हती. येनांगयाँगच्या तेलविहिरी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून आपल्याच हातानं पेटवून द्याव्या लागल्या. सुमारे नऊशे मैलांची माघार झाली. मे महिन्यात, पावसाळा तोंडावर असताना, हे सैन्य इंफाळच्या बाजूला पोचलं. अंगावर चिंध्या, मलेरियानं आणि हगवणीनं पोखरलेली शरीरं, पण हातात बंदुका आणि तुकड्या शाबूत. हरलेल्या सेनापतीला कुणी मान देत नाही. स्लिम यांचा निरोप घेताना मात्र त्यांच्या जवानांनी त्यांचा जयजयकार केला.

माझ्या मते या माणसाचं खरं मोठेपण इथून पुढे सुरू होतं. पराभवाचं खापर त्यांनी वरच्यांवर फोडलं नाही, खालच्यांवरही नाही. आपण कुठे चुकलो याचा त्यांनी स्वतःशीच हिशोब मांडला. जपानी सैनिक जंगलात अजिंक्य आहे ही भीती आधी मोडायला हवी होती. म्हणून रांचीच्या परिसरात त्यांनी सैन्याला जंगलात राहायचं, चालायचं, लढायचं शिक्षण दिलं. मुख्यालयातले कारकून आणि आचारीही यातून सुटले नाहीत. नंतर प्रत्यक्ष आघाडीवर आधी लहान लहान टेहळणी तुकड्या पाठवल्या, मग जपान्यांच्या छोट्या ठाण्यांवर भरपूर माणसं घेऊन हल्ले केले, म्हणजे विजय नक्की मिळावा आणि जवानाचा जीव खंबीर व्हावा.

ऑक्टोबर १९४३ मध्ये ते नव्या चौदाव्या सैन्याचे प्रमुख झाले. त्या वर्षीचा आकडा वाचून मी थक्क झालो : एक जखमी जवान मागे पाठवला जाई तेव्हा १२० आजारी पाठवले जात! स्लिम यांनी ठरवलं, आधी डास, मग जपानी. मलेरियाच्या रुग्णाला महिनोन् महिने दूरच्या इस्पितळात न पाठवता आघाडीजवळच उपचार सुरू केले. मेपाक्रिनची गोळी रोज सक्तीची केली. तिनं कातडी पिवळी पडे, शिवाय पुरुषत्व जातं अशी अफवाही होती, म्हणून जवान ती टाळत. स्लिम अचानक तपासणी करत. गोळी घेण्यात हयगय दिसली तर त्या पलटणीच्या प्रमुखालाच घरी पाठवत. असे तीन गेले, मग बाकीचे आपोआप सुधारले. आम्ही बँकवाले याला सरप्राइज इन्स्पेक्शन म्हणतो.

सामानाचंही तसंच. युरोपातल्या युद्धापुढे ब्रह्मदेशाला कुणी विचारत नव्हतं. विमानातून धान्य, दारूगोळा टाकायला रेशमी पॅराशूट मिळेनात, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाचे पॅराशूट बनवून घेतले. कितीतरी स्वस्त, आणि सामान टाकायला पुरेसे चांगले. आघाडीवरच्या तुकडीला अर्ध्या रेशनवर राहावं लागलं की स्लिम आपल्या मुख्यालयालाही अर्धं रेशन लावत. जवानांशी ते त्यांच्या भाषेत बोलत. उर्दू आणि गुरखाली दोन्ही त्यांना येत होत्या. गोरे सोल्जर त्यांना अंकल बिल म्हणत.

मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुची तीन डिव्हिजन घेऊन इंफाळ आणि कोहिमावर चालून आला. त्याच्याजवळ जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री होती. बाकीची इंफाळमध्ये लुटून मिळेल असा हिशोब. स्लिम यांनी ठरवलं होतं की शत्रूला आपल्या तळाजवळ येऊ द्यायचं, म्हणजे त्याची रसद लांबेल. पण पुढच्या तुकड्या मागे घ्यायला उशीर झाला, आणि कोहिमावर लहान फौज येईल असं वाटलं होतं तिथे अख्खी डिव्हिजन आली. या दोन्ही चुका स्लिम यांनी पुढे स्वतःच्या नावावर घेतल्या. त्या निभावल्या त्या जवानांमुळे. उखरुलजवळच्या संगशाक गावात पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. काटेरी तारा नाहीत, पाणी अपुरं, तरी सहा दिवस त्यांनी जपान्यांना अडवून धरलं. तेवढ्या वेळात आराकानहून विमानांनी एक डिव्हिजन इंफाळला आणता आली. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला. उपासमार आणि रोगराईनं जपानी फौजेची वाताहत झाली.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. समोरच्या बाजूलाही आपलीच माणसं होती. नेताजींची आझाद हिंद सेना याच मोहिमेत लढली आणि एप्रिल १९४४ मध्ये तिनं मोइरांगला तिरंगा फडकवला. स्लिम साम्राज्याचे सेनापती होते, आपल्या स्वातंत्र्यासाठी ते लढत नव्हते, हे उघड आहे. पण त्यांच्या हाताखाली जे लाखो हिंदी जवान लढले त्यांचं शौर्य म्हणून कमी होत नाही. दोन्हीकडच्या घरांत वाट पाहणाऱ्या आया सारख्याच होत्या.

१९४५ मध्ये स्लिम यांनी शत्रूला मंडालेकडे गुंतवून ठेवलं, खोट्या वायरलेस संदेशांनी चकवलं आणि दुसरी फौज गुपचूप दक्षिणेकडे नेऊन इरावती ओलांडली. मार्चच्या सुरुवातीला मेइक्तिला पडलं, २० मार्चला मंडाले आणि ३ मे रोजी रंगून हाती आलं. आणि बक्षीस काय? थोड्याच दिवसांत वरिष्ठ लीज यांनी त्यांना चौदाव्या सैन्यावरून दूर करत असल्याचं कळवलं! स्लिम यांनी कुठेही तक्रार केली नाही, आपल्या अधिकाऱ्यांनाही गवगवा करू दिला नाही. दुय्यम जागा नाकारून निवृत्त व्हायची तयारी दाखवली. बातमी पसरताच सैन्यात संताप उसळला. शेवटी निर्णय फिरला, लीज यांनाच जावं लागलं आणि त्यांच्या जागी स्लिम आले.

१९४८ मध्ये पंतप्रधान ॲटली यांनी मॉन्टगोमेरी यांची पसंती डावलून स्लिम यांना ब्रिटिश सैन्याचं सर्वोच्च पद दिलं. हिंदी लष्करातून आलेले ते या पदावरचे पहिलेच. १९४९ मध्ये ते फील्ड मार्शल झाले, १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. १४ डिसेंबर १९७० रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

१९५६ मध्ये त्यांनी या मोहिमेवर ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ हे पुस्तक लिहिलं. सेनापतींची आत्मचरित्रं बहुधा आपलंच कसं बरोबर होतं हे सांगणारी असतात. या पुस्तकात यशाचं श्रेय जवानांना आहे आणि अपयश लेखकाच्या खात्यावर टाकलेलं आहे. आपल्या सोसायटीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ते जरूर वाचावं. परीक्षेत, नोकरीत, धंद्यात मार खाण्याची वेळ प्रत्येकावर येते. त्या वेळी दुसऱ्याला दोष न देता, शांतपणे बसून पुन्हा पहिल्या आकड्यापासून बेरीज कशी करायची, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.