विश्लेषण : तुरीच्या ‘मर’ रोगाचे मूळ शोधणारे एडविन बटलर कोण होते?

फुलोऱ्यात आलेली तूर अचानक माना टाकते. जमिनीत ओल असूनही पाने पिवळी पडतात आणि उभे झाड वाळते. खोड चिरले की आत काळपट रेषा दिसतात. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना परिचित असलेला हा ‘मर’ रोग. तो ‘फ्युजेरियम उडम’ या बुरशीमुळे होतो. या बुरशीला १९१० मध्ये नाव दिले ते एडविन जॉन बटलर यांनी.

डॉक्टर ते बुरशीतज्ज्ञ...

बटलर यांचा जन्म १८७४ मध्ये आयर्लंडमधील किलकी या गावी झाला. कॉर्क येथे त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली, मात्र ओढा बुरशीशास्त्राकडे होता. १९०१ मध्ये ते सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून कोलकात्याजवळच्या शिबपूरला आले. पुढे बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत ते ‘इम्पिरियल मायकॉलॉजिस्ट’ झाले.

नेमका पेच काय होता?

मेलेल्या तुरीवर फ्युजेरियमबरोबर निओकॉस्मोस्पोरा ही बुरशीही सापडे. कपाशी, कलिंगड आणि चवळीच्या मर रोगात या दोन्ही एकाच बुरशीच्या अवस्था आहेत, असे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी मांडले होते. बटलर यांनी ते गृहीत न धरता तपासले. निओकॉस्मोस्पोरा फक्त मेलेल्या भागावर जगते, झाड मारते ती फ्युजेरियम, असे त्यांनी दाखवून दिले.

हा फरक महत्त्वाचा का?

बुरशी चुकीची ओळखली, तर रोगाला तोंड देणारे वाण निवडण्याची वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते. ओळख पक्की असल्यानेच जालन्यातील बदनापूर केंद्राच्या ‘बीएसएमआर ७३६’सारखे मर प्रतिकारक वाण शेतात आले.

आता ओळख कशी पटते?

फ्युजेरियमच्या अनेक जाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. त्यामुळे रोगट खोडातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिचा डीएनए काढला जातो. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या पीसीआर तंत्राने ‘टीईएफ-१’ या जनुकाच्या प्रती तयार होतात आणि त्यांचा क्रम ज्ञात जातींशी ताडून पाहिला जातो. तुरीची आणि हरभऱ्याची मर वेगवेगळ्या फ्युजेरियममुळे होते, हेही यातून स्पष्ट होते. मात्र डीएनए फक्त कोणती बुरशी हजर आहे ते सांगतो. रोग तिनेच केला का, हे ठरवण्यासाठी आजही निरोगी रोपाला तिची लागण करून पाहावी लागते.

पुढे काय झाले?

१९१८ मध्ये बटलर यांचा पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये ते लंडनजवळील क्यू येथे नव्या बुरशीशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९३९ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय वनस्पती रोगशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. शास्त्रीय लिखाणात ‘फ्युजेरियम उडम’पुढे आजही बटलर हे नाव लागते.