डार्विनच्या घरातील कुंड्या

डार्विन म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना माकड आठवते. मलाही तेच आठवत असे. पण गेल्या हंगामात अथणी तालुक्यात मामांच्या द्राक्षबागेत गेलो, तेव्हा ते एकेक घड जीएच्या पाण्यात बुडवीत होते. मणी लांबट आणि टपोरा व्हावा म्हणून ही खटपट. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतीचे एक संप्रेरक. लिटरभर पाण्यात ते मिलिग्रॅमांनी मोजून घालावे लागते, इतके थोडे पुरते. वनस्पतीला ना मेंदू ना मज्जातंतू. मग तिच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचतो हे प्रथम ओळखले कोणी? याचा शोध घेत ग्रंथालयात बसलो आणि फिरून त्याच दाढीवाल्या म्हाताऱ्यापाशी येऊन थांबलो.

चार्ल्स डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर. त्यांनी मुलालाही एडिंबरोला वैद्यकी शिकायला धाडले. पण भूल न देता केलेल्या शस्त्रक्रिया त्याला पाहवेनात, म्हणून तो अभ्यास सुटला. पुढे केंब्रिज, १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा, १८३९ मध्ये एम्माशी विवाह, १८४२ मध्ये केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात बिऱ्हाड, आणि १८५९ मध्ये जग हादरवणारा तो ग्रंथ. हे सारे पाठ्यपुस्तकात असते, म्हणून भराभर उरकतो. मी वाणिज्य शाखेचा. तेव्हा एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. या माणसाने लग्नापासून मरेपर्यंत घरखर्चाच्या वह्या काटेकोरपणे लिहिल्या. त्याच्या प्रयोगांविषयी वाचताना मला त्या वह्याच आठवत राहिल्या.

मला भावला तो शेवटच्या सहा वर्षांतला डार्विन. प्रकृती जन्मभर तोळामासा, दिवसाचे थोडेच तास काम व्हायचे. तीन मुले लहानपणीच गेलेली. त्यांतली लाडकी ॲनी दहा वर्षांची होऊन १८५१ मध्ये गेली. अशा घरावर १८७६ मध्ये आणखी एक घाव बसला. मुलगा फ्रान्सिस वैद्यकी शिकूनही ती न करता गावातच राहून वडिलांना मदत करीत असे. त्याची पत्नी पहिल्या बाळंतपणात वारली. फ्रान्सिस तान्ह्या बर्नार्डला घेऊन वडिलांच्या घरी राहायला आला. बापलेकांत सांत्वनाचे शब्द किती झाले असतील कोण जाणे. काम मात्र भरपूर झाले.

कॅनरी पक्ष्यांना घालतात त्या गवताचे बी त्यांनी कुंड्यांत पेरले. खिडकीपाशी ठेवलेल्या कुंडीतला कोंब उजेडाकडे वाकतो हे कुणीही पाहिलेले असते. डार्विनने विचारले की, उजेड कळतो कोणत्या भागाला? त्याने कोंबाच्या टोकावर कथलाच्या वर्खाची इवलीशी टोपी घातली. कोंब सरळच राहिला. शेंडा नुसता झाकल्यामुळे, टोपीच्या ओझ्यामुळे तर असे होत नसेल? म्हणून काही कोंबांवर पारदर्शक काचेच्या नळ्या घातल्या, ते वाकले. मग उलट केले: शेंडा उघडा ठेवून खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरला. वाळूत अंधार असूनही तो खालचाच भाग उजेडाच्या दिशेने वाकला! म्हणजे कळते शेंड्याला आणि वाकते खाली. मधून काहीतरी प्रभाव वरून खाली जातो, असा निष्कर्ष त्यांनी १८८० च्या ग्रंथात मांडला. मुखपृष्ठावर मुलाचे नाव साहाय्यक म्हणून छापले.

पण जर्मनीतील वुर्झबर्गचा युलिउस झाक्स हा त्या काळचा वनस्पतिशरीरशास्त्राचा मोठा आचार्य. फ्रान्सिस १८७८ मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत शिकून आला होता. झाक्सने या घरगुती प्रयोगांची हेटाळणी केली. मुळांच्या टोकांवरचे प्रयोग तर हलगर्जीपणाचे ठरवले. व्हिएन्नाच्या वीझनरनेही १८८१ मध्ये विरोधात पुस्तक लिहिले. मुलाला आपल्या गुरूकडूनच वडिलांची अवहेलना ऐकावी लागली, याचे मला फार वाईट वाटते. डार्विनला निकाल पाहायला मिळाला नाही. १९ एप्रिल १८८२ रोजी तो डाऊनलाच वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. फ्रान्सिस पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकवू लागला आणि १९२५ मध्ये गेला.

त्यानंतर एकच वर्ष. १९२६ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट नावाच्या तरुणाने ओटच्या कोंबांचे शेंडे छाटून अगर-अगरच्या चकतीवर ठेवले, आणि ती चकती शेंडा नसलेल्या कोंबावर एका बाजूला बसवली. कोंब अंधारातही वाकला. डार्विनचा तो प्रभाव म्हणजे झिरपणारे रसायन निघाले. पुढे त्याला ऑक्सिन म्हणू लागले. उजेडात ते सावलीच्या बाजूला अधिक जाते, तिथल्या पेशी लांबतात आणि कोंब कलतो. वेंटने ही बातमी पहाटेच घरी धावत जाऊन वडिलांना उठवून सांगितली. तेही वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी दिवसा पुन्हा करून पाहा असे सांगितले आणि झोपी गेले. इथेही बापलेकच!

त्याच १९२६ साली तैवानात कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाला दिसले की, भाताची रोपे काडीसारखी उंच वाढून कोलमडतात ती एका बुरशीच्या स्रावामुळे. त्यातूनच जिबरेलिन सापडले, म्हणजे मामांचे जीए. याच्या उलट, १९६० नंतर आपल्याकडे आलेला बुटका गहू जिबरेलिनला पुरेशी दादच देत नाही, म्हणून बुटका राहतो आणि जड ओंबीखालीही लोळत नाही. हे कोडे १९९९ मध्ये उलगडले. पाण्याचा ताण पडला की पानांची छिद्रे मिटवणारे ॲब्सिसिक आम्ल आणि फळ पिकवणारे इथिलीन यांची कथा वेगळी आहे. ती विज्ञान शाखेच्या मित्रांनी लिहावी.

दिवाळीच्या सुट्टीत मामांना हे सारे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की, त्या म्हाताऱ्याने द्राक्ष कधी पाहिले होते का? पाहिले होते. १८६५ मध्ये वेलींवर लिहिलेल्या निबंधात द्राक्षवेलीच्या तणाव्यांची हालचाल त्याने टिपली आहे. आमच्याकडे त्यांना बाळी म्हणतात आणि तारेवरच्या बागेत त्या खुडून टाकतात.