आधी आसरा, प्रश्न नंतर

सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला आठवते ती भिडेवाड्यातली मुलींची शाळा. पण त्यांचं आणखी एक काम आहे. शेल्टर होममध्ये व्हॉलंटिअर म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यायला हवं.

१८६३ मधली गोष्ट. पुण्यात काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा एका घरी स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला आणि तिला जन्मठेप झाली. तिला शिक्षा देणारं कोर्ट होतं, पण त्याआधी जिच्याजवळ मन मोकळं करावं अशी एकही जागा नव्हती. फुले दांपत्याने मग स्वतःच्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं.

त्याची जाहिरात त्यांनी भिंतींवर लावली. विधवांनी इथे गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं ते त्यांनीच ठरवावं, असा तिचा आशय. म्हणजे गुप्तता पाळायची, दोष द्यायचा नाही आणि निर्णय तिच्यावर सोडायचा. आज व्हॉलंटिअरना ट्रेनिंगमध्ये सांगतात ते हेच ना?

हे काम सोपं अजिबात नव्हतं. १८८४ पर्यंत तिथे पस्तीस विधवा बाळंत झाल्या आणि त्यांची फक्त पाच मुलं जगली. गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या जालीम औषधांनी बाकीची दगावली, असं जोतीरावांनी नोंदवलंय. म्हणजे इथे पोचेपर्यंत या बायका किती घाबरलेल्या असतील! पस्तीस बाळंतपणं आणि तीस मृत्यू बघूनही सावित्रीबाईंनी दार बंद केलं नाही. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. मुलगा वाचला, पण त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे आपल्याला पटकन सुचत नाही. सगळं सुचायलाच हवं असंही नाही. आलेल्या माणसाला आधी आत घ्यायचं, का आणि कसं ते त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल.