अहिल्याबाईंची खासगी

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर म्हटले की पांढरे लुगडे नेसलेली, हातात शिवलिंग घेतलेली मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांची देवळे आणि घाट सर्वांना ठाऊक आहेत. पण एवढा पैसा आला कोठून आणि तो पुरला कसा, हे फारसे कोणी सांगत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी महिन्याचा खर्च स्वतः चालविणाऱ्या बाईला हाच प्रश्न आधी सुचतो, म्हणून स्मरणिकेसाठी मी हा विषय घेतला.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील चौंडी गावचा. माणकोजी शिंद्यांची ही लेक मल्हारराव होळकरांची सून झाली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या सती जावयास निघाल्या, पण सासऱ्यांनी त्यांना मागे वळविले. मल्हारराव मोहिमेवर असत, तेव्हा वसुली, हिशेब, तोफांचा सरंजाम हे सारे सूनबाईंच्या नजरेखाली चाले. मला वाटते, त्यांचे खरे शिक्षण हेच.

आता खासगीविषयी सांगते. होळकरांच्या घरी पैशाच्या दोन बाजू होत्या. एक दौलत, म्हणजे राज्याचा पैसा. त्यातून फौज आणि कारभार चाले. दुसरी खासगी, ती घरच्या राणीची. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली, तिच्या गावांचे उत्पन्न त्यांचे स्वतःचे. १७६१ साली गौतमाबाई वारल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. भगिनींनो, ज्या काळी बाईच्या नावावर काही असणे दुर्मिळ, त्या काळी सासूकडून सुनेकडे आलेले हे धन होते!

१७६६ साली मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा एकुलता एक मुलगा मालेराव गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधरपंत चंद्रचूड यांनी सुचविले की बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्यावर सोपवावा. बाईंनी साफ नकार दिला. मग राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेकाठी आले. त्यांचा डोळा होळकरांच्या तिजोरीवर होता. असे सांगतात की, तुम्ही जिंकलात तर बायकांना जिंकल्याचे श्रेय ते काय, आणि हरलात तर तोंड दाखवावयास जागा राहणार नाही, अशा अर्थाचा निरोप बाईंनी धाडला. थोरले माधवराव पेशवे बाईंच्या बाजूने उभे राहिले आणि कारभार त्यांच्याकडेच राहिला.

फौज त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली आणि स्वतः नर्मदेकाठी महेश्वरास राहून राज्य पाहिले. दुपारी दरबार, संध्याकाळी पूजा व थोडा आहार, की रात्री पुन्हा कामकाज. तुकोजी मोहिमांसाठी सारखा पैसा मागत; बाई आधी हिशेब मागत. यावरून दोघांत पुष्कळ कटकटी झाल्या. पैसा मागणारा घरचाच असला म्हणजे हिशेब विचारणे किती जड जाते, हे आपणांस का सांगावयास हवे? वाण्याच्या डब्यातले पैसे फीच्या डब्यात आणि फीचे लग्नाच्या आहेरात गेले, की महिनाअखेर काय होते ते प्रत्येक घर जाणते. बाईंनी दौलतीचे दौलतीला आणि खासगीचे खासगीला ठेवले. दानधर्म करावयाचा तो खासगीतून.

त्याची यादी मोठी आहे. १७८० साली काशीविश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे राहिले. शिवाय सोमनाथ, गयेचे विष्णुपद, काशीचे घाट, वाटसरूंसाठी विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे. यातील बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्याबाहेरची, हे विशेष. देऊळ बांधून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. पूजेला, अन्नछत्राला दरसाल खर्च लागणार, म्हणून पुष्कळ ठिकाणी जमिनीचे उत्पन्न लावून दिले. एकदा दिलेली रक्कम संपते. शेत दरवर्षी पिकते.

राज्यातील विधवांच्या बाबतीत तर मला त्यांचा फारच अभिमान वाटतो. निपुत्रिक माणूस मेला की त्याचे धन सरकारजमा करण्याकडे तेव्हाच्या राज्यकर्त्यांचा कल असे. अहिल्याबाईंनी त्या पैशाला हात लावला नाही. विधवेला दत्तक घेण्याची व नवऱ्याची मिळकत ठेवण्याची मोकळीक दिली. महेश्वरास विणकर आणून वसविले, त्यांचे माग अजून चालू आहेत. आपल्यापैकी कित्येकींच्या कपाटात महेश्वरी साडी असेल.

त्यांचे स्वतःचे सुख मात्र थोडे. नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले, आणि १७९१ साली मुलगी मुक्ताबाई त्यांच्यामागे सती गेली. आईने विनवणी केली, ती तिने ऐकली नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंनी देह ठेवला.

खासगी मात्र त्यांच्यामागेही राहिली. संस्थान विलीन झाल्यावर तिच्या देवळांसाठी, घाटांसाठी १९६२ साली ट्रस्ट झाला. पुढे त्यातील काही मिळकत विकण्यावरून वाद होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि या ट्रस्टला सार्वजनिक ट्रस्टचा कायदा लागू आहे, असा निकाल २०२२ साली लागला. बाईंनी बाजूला ठेवलेल्या पैशाचा हिशेब सव्वादोनशे वर्षांनीही विचारला जात आहे.