ॲक्सेल फ्रेडरिक क्रोनस्टेट

ॲक्सेल फ्रेडरिक क्रोनस्टेट (२३ डिसेंबर १७२२ – १९ ऑगस्ट १७६५) हे स्वीडिश खनिजवैज्ञानिक व रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी निकेल या धातूचा शोध लावला आणि झिओलाइट खनिजांना त्यांचे नाव दिले.

सोडरमानलांड प्रांतातील एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. उप्साला येथे शिकल्यानंतर ते सरकारी खाण खात्यात आले आणि कोबाल्टचे शोधक गेओर्ग ब्रांट यांचे शिष्य झाले.

जर्मन खाणकामगार एका तांबूस धातुकाला कुफरनिकेल म्हणत. त्यातून तांबे निघत नसल्याचा दोष ते खोडसाळ भुताला देत. क्रोनस्टेट यांनी १७५१ मध्ये लोस येथील कोबाल्ट खाणीतील धातुकातून एक कठीण, पांढरट धातू वेगळा केला. तोच धातू कुफरनिकेलमध्येही आढळल्यावर १७५४ मध्ये त्यांनी त्याला निकेल हे नाव दिले. मात्र हा नवा धातू नसून कोबाल्ट, लोह, आर्सेनिक इत्यादींचे मिश्रण आहे, असे काही रसायनशास्त्रज्ञ मानत राहिले. त्यांचा नमुना अशुद्ध होता, हे खरेच. टॉर्बर्न बर्गमन यांनी १७७५ मध्ये अधिक शुद्ध निकेल मिळवून वाद मिटवला, तेव्हा क्रोनस्टेट यांच्या निधनाला दहा वर्षे झाली होती.

१७५६ मध्ये फुंकनळीच्या ज्योतीत एक खनिज तापवताना ते फसफसून त्यातून वाफ निघाल्याचे त्यांना दिसले. 'उकळणे' व 'दगड' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्याला झिओलाइट म्हटले. (महाराष्ट्रातील बेसाल्ट खडकांच्या पोकळ्यांतही ही खनिजे विपुल सापडतात.)

या वाफेचे कारण पुढे कळले. झिओलाइटच्या सांगाड्यातील ॲल्युमिनियममुळे त्यावर ऋण विद्युतभार येतो. सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन सूक्ष्म पोकळ्यांत राहून तो भार संतुलित करतात. त्यांच्याभोवती असलेले पाणी उष्णतेने निघून जाते; सांगाडा मात्र बहुधा टिकतो. पाणी गेल्यावर आयन सांगाड्यातील ऑक्सिजन अणूंशी थेट जोडले जातात, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या धातूचे आयनही बसवता येतात. अशा रीतीने निकेलचे आयन बसवलेले झिओलाइट एथिलीनचे रेणू एकमेकांना जोडणारे उत्प्रेरक म्हणून वापरता येतात. क्रोनस्टेट यांचे दोन स्वतंत्र शोध येथे एकत्र येतात.

१७५८ मध्ये त्यांनी खनिजांचे रासायनिक घटनेनुसार वर्गीकरण करणारा ग्रंथ स्वतःचे नाव न देता प्रसिद्ध केला. सेतर येथे वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्रोनस्टेटाइट या लोहयुक्त खनिजाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.