जनावरांचे आश्रयदाते संत अंतोनी मठाधिपती

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. या यात्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांतील खिलार बैलांना पिढ्यान्पिढ्या मान मिळत आला आहे. त्याच आठवड्यात, 17 जानेवारी रोजी, ख्रिस्तसभा संत अंतोनी मठाधिपती यांचा स्मरणदिन पाळते. इटली, स्पेन आदी देशांत या दिवशी शेतकरी आपली गुरे, घोडे, शेळ्यामेंढ्या चर्चच्या दाराशी आणतात आणि धर्मगुरू त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद मागतात. अलीकडे शहरांतून कुत्र्यामांजरांसाठी असा विधी होऊ लागला आहे. तो बहुधा 4 ऑक्टोबरला, असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणाच्या सुमारास होतो. परंतु गोठ्यातील जनावरांचे जुने आश्रयदाते संत अंतोनीच होत.

आपल्या भाविकांना अंतोनी म्हटले की हाती लिलीचे फूल व बाळ येशू घेतलेले पादुआचे संत अंतोनी आठवतात. हे ते नव्हेत. आपले चरित्रनायक त्यांच्या सुमारे नऊशे वर्षे आधी इजिप्तमध्ये होऊन गेले. पादुआच्या संतांचे मूळ नाव फर्नांडो. फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करताना त्यांनी या वाळवंटवासी संतांचेच नाव धारण केले.

अंतोनी यांचा जन्म इ.स. 251च्या सुमारास नाईल नदीकाठच्या प्रदेशात एका सधन ख्रिस्ती शेतकरी कुटुंबात झाला. आज आपण ज्याला 200 एकर म्हणू, तेवढी उत्तम काळीभोर जमीन घरात होती. वयाच्या विशीच्या आतबाहेर असताना आईवडील निवर्तले आणि धाकट्या बहिणीची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे सहा महिन्यांच्या आतच एके दिवशी चर्चमध्ये श्रीमंत तरुणाचा शुभवर्तमानातील प्रसंग त्यांच्या कानी पडला. परिपूर्ण व्हायचे असेल तर असेल नसेल ते विकून गरिबांना दे, हे प्रभू येशूचे सांगणे आपल्यालाच उद्देशून आहे असे त्यांना वाटले. त्यांनी जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसा गरिबांत वाटला आणि बहिणीपुरते थोडे मागे ठेवले. नंतर तेही वाटून टाकून बहिणीला त्यांनी व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले. आज हे वाचताना त्या बहिणीला काय वाटले असेल, असा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. चरित्रकार त्याविषयी मौन पाळतात. मात्र उतारवयात त्या स्वतः कुमारिकांच्या मार्गदर्शक झाल्या होत्या आणि भावाबहिणीची भेट झाली, एवढे ते नमूद करतात.

आरंभी गावाजवळ, मग थडग्यांच्या ओसाड जागी आणि पुढे नाईलपलीकडील एका पडक्या किल्ल्यात अंतोनी यांनी सुमारे वीस वर्षे एकांतात तप केले. सैतानाने सिंह, बैल, साप अशा श्वापदांची रूपे घेऊन त्यांना भिवविण्याचा प्रयत्न केला, पण ते ढळले नाहीत. किल्ल्यातून बाहेर आले तेव्हा त्यांच्याभोवती शिष्य जमले आणि संन्यस्त जीवनाची एक नवी परंपरा सुरू झाली. इ.स. 311मध्ये छळ सुरू असताना ते अलेक्झांड्रियाला गेले आणि तुरुंगांत व खाणींत खितपत पडलेल्या ख्रिस्ती बांधवांची सेवा करीत राहिले.

त्यानंतर तांबड्या समुद्राकडील डोंगराच्या पायथ्याशी, खजुराची झाडे व झरा असलेल्या जागी त्यांनी वस्ती केली. लोकांवर आपला भार पडू नये म्हणून अवजारे व बियाणे मागवून घेतले, गहू पेरला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी थोडा भाजीपालाही लावला. झऱ्यावर पाणी प्यायला येणारी रानटी जनावरे त्या पिकाची नासधूस करू लागली. रानडुकरे वा हरणे रात्रीत उभे पीक झोपवतात तेव्हा शेतकऱ्याच्या तोंडून काय निघते हे आपण जाणतो. अंतोनी यांनी त्यांपैकी एकाला हळुवारपणे धरले आणि मी तुमचे काही बिघडवीत नसता तुम्ही माझे नुकसान का करता, अशी विचारणा करून प्रभूच्या नावाने त्यांना तेथून जायला सांगितले. जनावरे पुन्हा फिरकली नाहीत. दुसऱ्या एका प्रसंगी वाळवंटातून प्रवास करताना पाणी संपले. सोबत्यांनी आशा सोडून उंटाला मोकळे केले. अंतोनी यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तेथेच पाणी लागले. सर्वांनी तहान भागवल्यावर उंटाचा शोध घेतला, तेव्हा त्याचा दोर एका दगडाला अडकलेला आढळला. त्यालाही पाणी पाजून मंडळी मार्गस्थ झाली. या दोन प्रसंगांपलीकडे चरित्रात पाळीव जनावरांच्या मायेच्या कथा नाहीत.

इ.स. 356मध्ये, वयाच्या 105व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. मेंढीच्या कातड्याची दोन वस्त्रे दोन बिशपांना द्यावीत आणि आपल्या दफनाची जागा कोणाला सांगू नये, असे त्यांनी शिष्यांना बजावले होते. त्या वस्त्रांपैकी एक मिळालेले बिशप संत अथनासियस यांनीच त्यांचे चरित्र लिहिले.

मग जनावरांशी त्यांचे नाते जुळले कसे? त्याचे उत्तर एका रुग्णालयात आहे. पुढे त्यांचे मानले जाणारे अवशेष फ्रान्समध्ये पोहोचले आणि 11व्या शतकाच्या अखेरीस तेथे त्यांच्या नावाने रुग्णसेवेचा संघ उभा राहिला. हातपाय आगीने पोळल्यासारखे होऊन काळे पडणे व गळून जाणे, असा एक भयंकर आजार त्या काळी गरिबांत पसरत असे. त्याला संत अंतोनींचा अग्नी असेच नाव पडले. बुरशी लागलेल्या राय या धान्याच्या पावातून तो होतो, हे पुष्कळ नंतर उमगले. आपल्याकडे बाजरीवर पडणारा अरगट हा त्याच जातीचा रोग. म्हणूनच बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे बाजूला काढतात. संघाचे बंधू रुग्णांना चांगले अन्न देत व चरबीचे मलम लावत. खर्च भागविण्यासाठी ते डुकरे पाळीत. गावात डुकरे मोकाट सोडण्यास बंदी असली तरी गळ्यात घंटा बांधलेल्या या डुकरांना मुभा असे, आणि देवाच्या नावाने सोडलेल्या वळूप्रमाणे लोक त्यांना खाऊ घालीत. संतांच्या चित्रात पायाशी दिसणारे डुकर व घंटा ती हीच. त्या डुकरांपासून संतांचे छत्र हळूहळू सर्वच पशुधनावर पसरले.

हे ध्यानी घेतले म्हणजे या आशीर्वादाला केवळ हौसेचा समारंभ म्हणणे कठीण होते. ज्या घराचा संसार एका बैलजोडीवर किंवा दोन पंढरपुरी म्हशींवर चालतो, तेथे जनावर दगावणे म्हणजे घराचा कणा मोडणे होय. 2019च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढ्याकडची माणसे जनावरांसह चारा छावण्यांत राहिली. 2022मध्ये लम्पी रोगाने राज्यभर गोठे रिकामे केले. बेंदूर, पोळा वा अक्कलकोटकडील कारहुणवीला शेतकरी बैलांना सजवतो, त्यामागेही ही जाणीव आहे. ख्रिस्तसभेच्या विधीत मात्र जनावराची पूजा नसते. त्याच्या निर्मात्याचे आभार मानले जातात आणि मुक्या जिवाच्या आरोग्यासाठी याचना केली जाते. लस व पशुवैद्य यांची जागा हा आशीर्वाद घेत नाही. प्राण्यांना दयेने वागवावे, पण माणसाच्या दुःखनिवारणाचा पैसा त्यांच्यावर उधळू नये, असेही ख्रिस्तसभेची शिकवण सांगते.

1984मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात प्राण्यांसाठी स्वतंत्र विधी आहे. तो धर्मगुरू किंवा उपधर्मगुरू करू शकतात. ते उपलब्ध नसतील तर नेमून दिलेल्या सूचनांनुसार प्रापंचिक सेवकही ही प्रार्थना चालवू शकतात. दूरच्या वस्तीवरील कुटुंबाने जनावरे चर्चपर्यंत हाकत आणायलाच हवीत असे नाही. विधी गोठ्यातही होतो.